बेपत्ता माणसाला कुठे आणि कसं शोधायचं, हे पोलीस कशावरून ठरवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गेवराई तालुक्यातल्या एका गावातून प्रश्नकर्त्याचे चुलते, वय ७७, थोडे विसराळू, सकाळी घरातून निघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परळीला वैजनाथाच्या मंदिराजवळ सुखरूप सापडले. पण घरच्यांच्या मनात एक सल राहिली आहे. पोलिसांनी पहिला तासभर घरात बसून चुलत्यांच्या सवयी, औषधं, जमिनीची वाटणी, घरातली भांडणं असलंच विचारलं आणि मग ते एसटी स्टँडवर गेले. श्वान पथक बोलावलं नाही, ड्रोन उडवला नाही, विहिरी गावातल्या पोरांनीच बघितल्या. मग पोलीस हे ठरवतात तरी कशावरून?

मी मराठवाड्यात पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी जालना, परभणी आणि बीड जिल्ह्यांतल्या ग्रामीण ठाण्यांत. त्या अनुभवावरून सांगतो: तो घरातला तासभर हीच शोधाची सुरुवात होती. पद्धत ठरते ती माणूस कोण आहे आणि का गेला असावा यावर. हाताशी साधनं काय आहेत हा त्यानंतरचा प्रश्न. वाट चुकलेला म्हातारा, रागाने घर सोडलेला तरुण, कर्जापायी खचलेला शेतकरी, लग्न ठरलेली सोळा वर्षांची मुलगी आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, रांगत बाहेर गेलेलं लेकरू, कागदावर हे सगळे बेपत्ताच. पण एकाला शोधायला पाणंदीने चालावं लागतं, दुसऱ्याला मोबाईलच्या नोंदींतून काढावं लागतं, आणि तिसऱ्यासाठी तक्रार लिहून व्हायच्या आत त्याच्या शेतात माणसं पाठवावी लागतात. सगळ्यांना एकच औषध दिलं तर वेळ जातो, आणि या कामात वेळ गेला की माणूस जातो.

त्यातच एक गैरसमज अजून गावोगाव आहे, तो आधी काढतो. चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, असा कुठलाही नियम नाही. माणूस प्रौढ असेल तर 'मनुष्य मिसिंग' म्हणून लगेच नोंद होते. वय १८ च्या आत असेल तर थेट गुन्हाच दाखल करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली होतो. कोणी 'उद्या या' म्हणालं तर तिथूनच ११२ ला फोन लावा.

आता क्रम कसा लागतो ते बघा. आधी ते करायचं जे लवकर नासतं. माणसाचा वास काही तासांत विरतो. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाच-सात दिवसांत, कुठे पंधरा दिवसांत, आपोआप पुसलं जातं, कारण मशीन त्यावरच नवं चित्रण चढवतं. मोबाईलच्या कॉलच्या नोंदी मात्र कंपन्यांना दोन वर्षं ठेवाव्याच लागतात. म्हणून कॉलचा जुना तपशील उद्या आला तरी चालतो, पण चौकातल्या मेडिकलच्या कॅमेऱ्यासाठी आजच जावं लागतं. फोन चालू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बॅटरी संपायच्या आत त्याचं ठिकाण मिळवणं सगळ्यात पुढे येतं. अशा वेळी चाळीस नातेवाईक एकदम फोन लावायला लागतात आणि तीच बॅटरी संपवतात. फोन एकानेच लावावा, तोही पोलिसांशी बोलून.

श्वान पथकाबद्दल लोकांची आशा फार असते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. माग काढणाऱ्या श्वानाला त्या माणसाचा, आणि फक्त त्या माणसाचाच, वास लागतो. घरात गेल्यावर मी आधी विचारायचो की ते रात्री झोपले होते ते अंथरूण कुठे आहे. बहुतेक घरांत तोवर सुनेने घड्या घालून सगळ्यांच्या गोधड्या एकावर एक रचलेल्या असायच्या, किंवा कोणीतरी बंडी हातात धरून 'ही घ्या साहेब, यांचीच आहे' म्हणत पाच जणांना दाखवलेली असायची. तो वास मग पाच जणांचा होतो. खरी रीत अशी: न धुतलेली उशीची खोळ किंवा अंगातला कपडा चिमट्याने किंवा उलट्या केलेल्या स्वच्छ पिशवीने उचलायचा, पिशवी तशीच उलटून गाठ मारायची, आणि दुसऱ्या कुणाच्या कपड्यात ठेवायची नाही. दुसरी अडचण वाटेची. माणूस गेल्यावर निम्मा गाव त्याच वाटेने शोधायला गेलेला असतो. तिसरी उन्हाची. एप्रिल-मे मध्ये दुपारी आपल्याकडची काळी जमीन तव्यासारखी तापते, वास टिकत नाही. पहाटे, गारव्यात, दव असताना श्वान चांगलं काम करतं. हे सगळं जुळलं तरी पुष्कळदा श्वान डांबरी सडकेपर्यंत जातं आणि तिथेच घुटमळतं. लोक म्हणतात, श्वानाचा उपयोग झाला नाही. उलट फार झालेला असतो. माणूस त्या ठिकाणी वाहनात बसला, हे त्याने सांगितलेलं असतं, आणि शोध शेतातून उठून स्टँडवर जातो. तुमच्या चुलत्यांना सडकेवर गावातल्याच कुणी एसटीची वाट बघत उभं पाहिलं असेल, तर तेच उत्तर मिळवायला जिल्ह्याच्या गावाहून श्वान आणायची गरज उरत नाही.

ड्रोनचं थोडक्यात सांगतो. उघडं रान, माळ, नदीचं पात्र, धरणाचा काठ इथे तो उत्तम. उभ्या उसात वरून पाल्याशिवाय काही दिसत नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा असला तरी उन्हाळ्यात दिवसा जमीनच माणसाच्या अंगाएवढी किंवा जास्त तापलेली असते. त्याचा उपयोग रात्री उशिरा आणि पहाटे, जमीन निवल्यावर.

उसावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी समुद्रात पाणबुड्या शोधण्याचं शास्त्र मांडलं. आज जगभर बेपत्ता माणसांच्या शोधात त्याचाच आधार घेतात. त्याचा गाभा साधा आहे. माणूस त्या भागात असण्याची शक्यता किती, आणि तो तिथे असेल तर आपल्या नजरेला पडण्याची शक्यता किती, या दोन्हींचा गुणाकार करायचा. गावातली चार पोरं बांधावरून फिरून येतात आणि सांगतात, 'त्या उसात बघितलं, नाहीत.' पण बांधावरून उसाच्या आतलं दिसतच नाही. म्हणजे ते रान शोधून झालं असं धरता येत नाही. सरीसरीने माणसं घालून, दोघांमधलं अंतर एकमेकांचा पाय दिसेल एवढंच ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि शेवटच्या सरीला कापडाची चिंधी बांधायची, तेव्हा ते रान झालं. तूर आणि कापूस दिवाळीच्या सुमाराला छातीएवढा असतो, तिथेही तसंच. आणि मध्येमध्ये सगळ्यांनी थांबायचं, ट्रॅक्टर-मोटारसायकली बंद करायच्या, घरात ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने एकाने हाक मारायची आणि मिनिटभर कान देऊन ऐकायचं. शंभर माणसं एकदम ओरडत चालली तर पडलेल्या माणसाचं कण्हणं कुणाला ऐकू येणार?

विसराळू म्हाताऱ्यांचा शोध हा माझ्या मते सगळ्यात जास्त विचार मागणारा प्रकार आहे. हाक ऐकू आली तरी ते पुष्कळदा ओ देत नाहीत. चालत राहतात, आणि काटेरी कुंपण, नाला, चिखल असं काही आडवं आलं की तिथेच अडकून बसतात. पायी गेलेले असतील तर बहुतेक जण घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतच सापडतात. म्हणून पहिला शोध घराभोवतीच, कडब्याच्या गंजीमागे, पडक्या वाड्यात, नाल्याच्या झुडपात. पण दिशा कोणती, ते घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही.

परतूर तालुक्यातल्या एका गावातली आजी सांगतो. ऐंशीच्या पुढची, उन्हाळ्याचे दिवस. लेक आणि नातू म्हणत होते, देवळात जाते, तिकडेच बघा. दोन देवळं, पार, स्टँड, सगळं बघून झालं. मी घरातल्या बायकांशी बोलत होतो. आजीची धाकटी जाऊ चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, आठ दिवस झाले, रोज विचारायची, 'गाडी आली का गं?' कुठली गाडी? तर बैलगाडी, माहेरहून न्यायला येणारी. आजीच्या डोक्यात ती लग्नानंतरची पहिली पंचमी होती. माहेर ओढ्यापलीकडे, आठ-नऊ किलोमीटरवर. नातू लगेच मोटारसायकल काढून डांबरी रस्त्याने निघाला होता. त्याला थांबवलं, कारण आजी लग्न होऊन आली तेव्हा तो रस्ता नव्हताच. जावेला विचारलं, तेव्हाची गाडवाट कुठून जायची? ती आता अर्धी मोडलेली पाणंद होती, दोन्ही बाजूंनी बाभळी वाढलेल्या. माणसं तिकडे पाठवली. वाट जिथे शेतात मिसळून बंद झाली होती तिथेच, बाभळीच्या सावलीत, आजी बसलेली सापडली. ओठ सुकलेले, पायात काटे, पण शुद्धीवर होती. घरची माणसं मायेने वेडीपिशी झालेली होती, पण तिची वाट फक्त जावेला ठाऊक होती. म्हणून सांगतो, आजी हरवली तर माहेर विचारा. आजोबा हरवले तर वाटणीआधीचं शेत, विकलेलं रान, जुनं गाव विचारा. जायकवाडी, माजलगाव, येलदरी या धरणांत गावं उठली, तिथली म्हातारी माणसं आजही पाण्याच्या दिशेने चालायला लागतात.

तुमच्या चुलत्यांचं वय ७७ आहे, इथे दुसरा एक मुद्दा येतो. 'खिशात दहा रुपयेही नव्हते, लांब कुठे जातील?' असं आधी आम्हीही धरून चालायचो आणि ते बरोबर असायचं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत मोफत प्रवास झाला. ही फार चांगली सोय आहे, पण त्यामुळे विसराळू माणूस ओळखपत्र खिशात घेऊन राज्यात कुठेही पोचू शकतो. कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचं तिकीट देतो आणि ते मशीनमध्ये नोंदलं जातं. म्हणून पोलीस आगारात जातात, त्या वेळेच्या गाड्यांचे कंडक्टर गाठतात, मग ज्या गाडीत म्हातारे आजोबा चढल्याचं आठवतं तिच्या शेवटच्या थांब्यापर्यंतच्या ठाण्यांना वायरलेसने कळवतात. त्याबरोबर देवस्थानं येतातच. तुळजापूर, परळी, औंढा, पैठण, माहूर, पंढरपूर, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं लंगर, जिथे जेवण मिळतं आणि निजायला ओसरी मिळते तिथे अशी माणसं टेकतात. आषाढीच्या आधी कुणी गेलं तर वाटेवरच्या दिंड्यांत विचारायचं. रेल्वेचा संशय असेल तर मनमाड ते नांदेड लाईनवरच्या सगळ्या स्टेशनांवर रेल्वे पोलीस आणि आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, यांना कळवायचं. देगलूर, उदगीर, उमरगा भागातला माणूस असेल तर निजामाबाद, बीदर, कलबुर्गीलाही कळवावं लागतं, आणि तिथे आपलं मराठी पत्रक उपयोगाचं नाही. बरोबरीने छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, नांदेडचं विष्णुपुरी या मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या अनोळखी रुग्णांची चौकशी होते. अपघातात सापडलेला, नाव सांगू न शकणारा माणूस पुष्कळदा तिथे असतो.

कॅमेऱ्याचं एक बारीक काम सांगतो, कारण घरचे लोक ते स्वतः करायला जातात आणि घोळ होतो. दुकानातल्या मशीनचं घड्याळ बहुधा चुकलेलं असतं, कधी दहा मिनिटं, कधी पूर्ण दोन तास. फुटेज बघण्याआधी पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाईलची वेळ एका कागदावर शेजारी-शेजारी लिहायची. हे केलं नाही तर सव्वानऊची बस आणि साडेअकराचा माणूस जुळत नाही आणि चुकीच्या गाडीमागे दिवस जातो.

मोबाईलच्या लोकेशनबद्दलही लोकांची समजूत असते की पडद्यावर ठिपका दिसतो. साध्या बटणांच्या फोनचं जे कळतं ते टॉवर आणि त्याची बाजू एवढंच. शहरात त्याचा अर्थ एखादी वस्ती, आपल्याकडच्या रानात कित्येक किलोमीटरचा पट्टा, चार गावं आणि मधली सगळी शेतं. शिवाय कॉलचा तपशील पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत मागवावा लागतो. कुणाच्याही नोंदी कुणालाही मिळू नयेत म्हणून ते बंधन आहे आणि ते योग्यच आहे.

आता विहिरींचं. मराठवाड्यात शोध म्हटला की विहीर टाळता येत नाही, आणि आता शेततळीही. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणारालाही वर चढता येत नाही, म्हणून काठाला दोर किंवा टायर बांधलेला नसेल ते शेततळं आधी बघायचं. विहिरीत डोकावण्याआधी काठ बघायचा: चप्पल, काठी, घसरल्याची खूण, ताजं उकरलेलं गवत. लोकांनी गर्दी करून तो काठ तुडवू नये म्हणून आधी दोर लावायचा. दिवसा मोठ्या आरशाने उन्हाची तिरीप आत टाकली की टॉर्चपेक्षा खूप खोलवर दिसतं. मग गळ टाकतात. त्यानंतरच मोटारी लावून उपसा. चैत्रात पाणी परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, असतं तेव्हा ते सोपं, भाद्रपदात काठोकाठ भरलेली विहीर उपसायला दिवस जातो आणि खालून झरे भरतच राहतात. म्हणून कुठली विहीर उपसायची याला कारण लागतं. बुडालेला माणूस आधी तळाशी जातो आणि शरीर फुगल्यावर वर येतो, उन्हाळ्यात साधारण एक-दोन दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा. गोदावरीत किंवा दुधनेत वाहून गेलेल्याला बंधाऱ्याच्या दारांपाशी बघतात. तिथे भोई-कोळी समाजातल्या पोहणाऱ्यांची जाण कुठल्याही यंत्राच्या तोडीची असते. गावातल्या पोरांनी विहिरी बघितल्या याबद्दल त्यांचं कौतुकच आहे, पण एक कळकळीची विनंती. पडीक, झाकलेल्या, वापरात नसलेल्या विहिरीत कुणी उतरू नका. आत प्राणवायू नसतो, उतरलेला बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. तिथे अग्निशमन दलच हवं.

मग भांडणं आणि वाटणी का विचारतात? कारण तिथेच 'का गेला' याचं उत्तर असतं, आणि घरचे तेच लपवतात. बँकेची नोटीस आली होती, सावकार दारात येऊन बोलून गेला होता, रात्री जेवण न करता उठले होते, फोन मुद्दाम घरी ठेवून गेले. यातली एक जरी गोष्ट कळली तरी पोलीस स्टँडकडे न जाता सगळे मिळून आधी त्यांच्या शेताकडे धावतात, कारण अशा वेळी अर्धा तासही मोलाचा असतो. घरचे अब्रूसाठी 'सगळं ठीक होतं हो' म्हणतात आणि तो अर्धा तास जातो.

मुलींच्या बाबतीत हे लपवणं आणखी घातक ठरतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरवलं होतं ही गोष्ट घरचे सांगत नाहीत, कारण बालविवाह हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण ती त्या लग्नातून सुटायला पळाली असेल तर तिला मैत्रीण, शिक्षिका, मामी अशा माणसांकडे शोधायचं असतं. ती कुणाच्या भूलथापांना बळी पडली असेल तर इन्स्टाग्रामवरचे मेसेज, रेल्वे, लॉज आणि परजिल्हा. दोन्ही शोध पूर्ण वेगळे. आणि कुणी पोलीसवाला 'पळून गेली असेल, येईल' म्हणाला तर त्याला ठामपणे सांगा की ती अल्पवयीन आहे, हा अपहरणाचा गुन्हा आहे. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो.

अगदी लहान लेकरू असेल तर घरच्यांनी दहा वेळा बघितलेलं घर पोलिसांनी पुन्हा बघायचं. कणगी, ट्रंक, गोठा, हौद, ट्रॉलीखालची सावली, आणि लगेच जवळचं पाणी आणि उघडी बोअर. ऊसतोडीच्या फडात मुकादमाला सांगून प्रत्येक ट्रॅक्टर जागेवर थांबवायचा, कारण थकलेली लेकरं ट्रॉलीखाली झोपतात.

सज्ञान माणूस स्वतःहून गेला असेल आणि सापडल्यावर परत यायचं नाही म्हणाला, तर पोलीस त्याचा जबाब घेतात, सुखरूप आहे एवढं घरच्यांना कळवतात, पत्ता देत नाहीत. घरच्यांना हे फार लागतं. पण घरातून जिवाला धोका असलेल्या सुनेचा किंवा प्रेमविवाह केलेल्या मुलीचा विचार केला तर हे असंच हवं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

तुमचे चुलते पुन्हा जाऊ शकतात, अशी माणसं बऱ्याचदा जातात. रोजच्या पोशाखातला, टोपी-धोतरातला ताजा फोटो काढून ठेवा, लग्नातला फेट्यातला नको. बंडीच्या आतल्या खिशावर गावाचं नाव आणि घरातल्या एकाचा नंबर शिवून घ्या. मात्र बेपत्ता झाल्यावर जे पत्रक फिरवता त्यावर घरचा नंबर न घालता ठाण्याचा घाला, कारण 'तुमचा माणूस आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' म्हणणारे भामटे लगेच फोन करतात. आणि अजून केलं नसेल तर चुलत्यांना घेऊन ठाण्यात जा, सापडल्याचा जबाब नोंदवा. तो नोंदवला नाही तर त्यांची मिसिंग चालूच राहते, दुसऱ्या जिल्ह्यात कुणी अनोळखी मयत मिळाला की त्यांचंच वर्णन ताडून बघितलं जातं आणि तेवढ्या वेळात खऱ्या वारसांचा शोध मागे पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या पत्रकाखालीही 'सापडले' असं लिहून तेच पुन्हा त्याच ग्रुपवर टाका.